चांगला सिनेमा, चांगला नट वगैरे

हल्ली सिनेमा कसा आहे असं कुणाला विचारलं तर उत्तर कोटीत येतं. "दोनशे कोटी झाले बाई!" आमच्याकडे दूध घालणारा मुलगाही हेच सांगतो. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. मुंबईच्या कुठल्याशा निर्मात्याला पहिल्या तीन दिवसांत किती पैसे मिळाले हे त्याला तोंडपाठ असतं, आणि स्वतःच्या दुधाचा भाव मात्र डेअरीवाला सांगेल तो! बरं, सिनेमात आहे काय, नटानं काम कसं केलंय, असं पुढे विचारलं की तो गोंधळतो. "चांगलाच असंल ना बाई, म्हणून तं इतके कोटी झाले." झालं, विषय संपला.

आमच्या वेळी आठवडे मोजत. पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास चालला की सुवर्णमहोत्सव. माप बदललं, मोजायची खोड तीच. मी उभ्या आयुष्यात मराठीचे पेपर तपासले आहेत, त्यामुळे आकड्यांशी माझं भांडण नाही. पण गुण देताना प्रश्न काय होता हे आधी बघावं लागतं, आणि सिनेमाला गुण देणारी मंडळी नेमका तिथेच घोळ करतात. सिनेमा चांगला आहे का, तो लोकांना आवडला का, आणि त्यातला नट चांगला आहे का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. आपण तिन्हींचं उत्तर एकाच ओळीत लिहून पेन खाली ठेवतो.

आता किन्हीराजासारख्या गावात राहून सिनेमावर लिहायचा हिला काय अधिकार, असं कुणाच्या मनात येईल. (किन्हीराजा म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिककडचंच आठवतं, म्हणून सांगितलं. आणि वाशिम जिल्हाही १९९८ सालचा, त्याआधी आम्ही अकोल्याचे.) गावात थिएटर नाही, कधी नव्हतं. आमचा सिनेमा यात्रेतल्या तंबूतला. डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांची यात्रा असो की आणखी कुठली, पाळणे, जिलबीची दुकानं आणि सिनेमाचा तंबू हे ठरलेलं. बाया एकीकडे, माणसं एकीकडे, मध्ये कनात. खाली बसायला घरून पोतं न्यायचं. आमचा मुलूख सिनेमाच्या धंद्यात अजून 'सीपी-बेरार' म्हणूनच ओळखला जायचा आणि अमरावती-भुसावळच्या वितरकांकडून पिक्चर यायचे. आमच्यापर्यंत पोचेतो प्रिंट इतकी झिजलेली असायची की चांगल्या कोरड्या रात्रीही पडद्यावर पाऊस पडायचा.

पण त्या तंबूत एक फार मोठी सोय होती. मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं रीळ चढेपर्यंत पाच-सात मिनिटं सगळे एकमेकांशी बोलायचे. काय बोलायचे? आत्ता पाहिलेल्यावरच! "हा असा काहून वागला?" "बहिणीले सांगाले पाह्यजे होतं त्यानं." "आता पाह्य, हा सुटत नाही." मला वाटतं सिनेमाची परीक्षा करायला मी तिथेच शिकले. पुढे नागपूर विद्यापीठाची बी.ए. झाले (अमरावती विद्यापीठ १९८३ चं, ते आमच्या नशिबात नव्हतं), साहित्याचा अभ्यास केला, रसग्रहण म्हणजे काय ते शिकले आणि शिकवलंही. पण वर्गात मुलं गाइडमधलं रसग्रहण पाठ करून लिहायची. तंबूत कुणाकडे गाइड नव्हतं. हल्लीची पाचपैकी साडेतीन तारे देणारी परीक्षणं वाचते तेव्हा मला ते गाइडच आठवतं. मुलगा सिनेमा बघायला जाण्याआधीच त्याचं मत छापून तयार!

दादा कोंडक्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्याइतकं वाईट परीक्षण मराठीत दुसऱ्या कुणाचं झालं नसेल. वाईट म्हणजे निंदेचं असं मी म्हणत नाही, तसं तर झालंच. स्तुतीही तितकीच वाईट झाली. 'सोंगाड्या' १९७१ चा. लिहिला होता वसंत सबनिसांनी, ज्यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं दादांना आधी रंगभूमीवर नाव मिळवून दिलं होतं. दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लागायला अडचण आली आणि शिवसेना मध्ये पडली, ही हकिकत आता सगळ्यांना माहीत आहे. पुढे त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. एवढं झाल्यावर बोलायचं काय राहिलं? एका बाजूला 'अश्लील' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'नऊ ज्युबिल्या!' म्हणून तोंड बंद करणारे. आमच्या स्टाफरूममध्ये तर मोठी गंमत. "छे छे, आपल्या पेशाला शोभत नाही" म्हणणारे दोन गुरुजी तंबूत हमखास सर्वांत पुढे! कनातीच्या फटीतून मला दिसायचे ना.

मला विचाराल तर 'सोंगाड्या'तला नाम्या हे उत्तम काम आहे. आई कडक, पोरगा भोळा. "आये" अशी हाक मारतानाचा तो सूर ऐका. रत्नमालाबाई समोर असल्या की दादांच्या खांद्यांचा आकारच बदलतो, चाळिशीकडे आलेला माणूस दहा वर्षांचा दिसायला लागतो. हे काही चावटपणानं साधत नाही. आणि विनोद? तिथे विनोद होतो तो बोलणाऱ्याला त्यातला दुसरा अर्थ ठाऊक नसतो म्हणून. तो भाबडेपणानं बोलून जातो, ऐकणाऱ्याला कळतं. कनातीच्या अलीकडे आम्ही बायाही तोंडाला पदर लावून हसायचो आणि कुणाला कमीपणा वाटायचा नाही, कारण पडद्यावरचा माणूस निष्पाप होता. पुढे पुढे काय झालं, तर त्यालाही अर्थ कळायला लागला. तो आमच्याकडे बघून डोळा मारायला लागला. चित्रपटांची नावंसुद्धा आधी डोळा मारूनच यायची. तिथे माझ्यापुरता तो विनोद संपला. 'एकटा जीव सदाशिव' आणि दहा वर्षांनंतरचा 'आली अंगावर' यांत हा फरक आहे. आठवडे मोजणाऱ्याला तो दिसत नाही, दोन्हीकडे पंचविसच. आणि सरसकट अश्लील म्हणणाऱ्यालाही दिसत नाही. दोघांनी पडद्याकडे न बघताच पेपर तपासला, असं माझं मत आहे.

जाता जाता, 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये दादांसमोर उभं राहून आपली जागा करणारा एक तरुण नट होता, अशोक सराफ. त्यांना पद्मश्री मिळाली २०२५ साली. मध्ये पन्नास वर्षं गेली. विनोदी नटाला आपण आधी पोटभर हसतो आणि मग 'पण गंभीर भूमिका कुठे केली?' म्हणून विचारतो. गंभीर नटाला कुणी विचारत नाही की बाबा, तू कधी हसवलंस का?

नटाच्या परीक्षेत आमच्या गावाची सगळ्यांत मोठी गल्लत व्हायची ती निळू फुल्यांच्या बाबतीत. आमच्याच काय, महाराष्ट्रातल्या सगळ्याच गावांची. माझ्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "ह्या माणसाले पाह्यलं की मले भेवच वाटते. याच्या घरच्या बाया कशा राह्यत असतीन व?" मी त्यांना सांगायचे की अहो, हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, समाजासाठी झटणारा. डॉक्टर लागूंबरोबर यानं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. काकूंचा अजिबात विश्वास बसायचा नाही. "तुमाले काय माहीत बाई. डोये पाहा त्याचे." शहरातल्या मंडळींना हा किस्सा फार आवडतो, खेड्यातली माणसं कशी भोळी, त्यांना नट आणि माणूस यातला फरक कळत नाही वगैरे. मला त्यात एवढं हसण्यासारखं वाटत नाही. काकू डोळ्यांबद्दल बोलत होत्या, आणि डोळ्यांबद्दल त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. काम डोळ्यांतच होतं. त्यांची चूक एवढीच की श्रेय त्यांनी कलेला न देता स्वभावाला दिलं. शहरातला मनुष्य याच्या बरोबर उलट करतो. नायकानं पडद्यावर चार गुंडांना मारलं की तो प्रत्यक्षातही थोर आहे असं समजून त्याच्या कटआउटला दुधानं आंघोळ घालतो. त्याला मात्र कुणी भोळा म्हणत नाही!

'सामना' मी अकोल्याला बहिणीकडे गेले असताना पाहिला. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील एकदाही उगाच ओरडत नाही. साखर कारखाना त्याचा, माणसं त्याची, गाव त्याचं. त्याला ओरडायची गरजच नाही. समोर लागूंचा दारुडा मास्तर, आणि त्याचं ते मारुती कांबळेबद्दलचं एकच विचारणं, पुन्हा पुन्हा. आमच्या भागात ऊस नाही, कापूस. पण ते शांतपणे, समोरच्याला जवळ घेऊन, पाठीवर हात ठेवून बोलणं आम्ही ओळखतो. शाळेची इमारत, रस्ता, बदली, असल्या कामांसाठी मी अशा माणसांसमोर उभी राहिलेली आहे. पडद्यावर तो हात पाठीवर पडला तेव्हा माझी पाठ ताठ झाली. नट चांगला आहे की नाही हे ओळखायला मी आजही यापेक्षा वेगळं काही करत नाही. आपलं शरीर आधी सांगतं, मत मागून येतं.

त्याच नटाला मग पंधरा-वीस चित्रपटांत तोच सरपंच, तोच पाटील, तेच हसू दिलं गेलं, आणि लोक म्हणायला लागले, 'काय, एकसारखंच करतो.' करणार काय? निर्मात्यांना रांधायचा कंटाळा, रोज तीच भाजी, आणि दोष भाजीला! नटाला सरासरीवर नापास करू नये. परीक्षेत सरासरी काढतात कारण तिथे सगळ्यांना प्रश्न सारखे असतात. नटाला ज्या दिवशी खरा प्रश्न आला, त्या दिवशी त्यानं काय लिहिलं ते बघावं.

लागूंचे दोन मास्तर शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एक 'पिंजरा'तले (१९७२) गुरुजी आणि दुसरा हा 'सामना'तला. दोघेही घसरलेले. 'पिंजरा' आला तेव्हा शिक्षक मंडळी फार नाराज झाली होती, तमाशाच्या फडात हातात तुणतुणं घेऊन उभा राहिलेला गुरुजी त्यांना बघवेना. मला त्याचा राग नव्हता. माझी तक्रार साधी, नटाच्या कामाबद्दलची. 'पिंजरा'त लागू शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. तो त्यांचा दोष की शांतारामबापूंना तसंच हवं होतं, देव जाणे. पण दोन-तीन वर्षांत 'सामना'मध्ये तोच माणूस ओठांतल्या ओठांत बोलतो आणि ते अख्ख्या थिएटरला ऐकू जातं. तरी 'पिंजरा'च लोकांच्या लक्षात राहिला. गाणी होती, रंग होते, संध्याबाईंचा नाच होता. ठीक आहे, मलाही गाणी आवडतात.

आता बायांच्या सिनेमाबद्दल, कारण परीक्षण लिहिणारे पुरुष तिथे नुसते नाक मुरडून पुढे जातात. १९९१ साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबल सून, उषा नाडकर्णी सासू, वडील विक्रम गोखले. मूळ गोष्ट एका राजस्थानी चित्रपटाची. आमच्या गावातून टेम्पो करकरून बाया वाशिमला गेल्या. ज्यांनी लग्नानंतर तालुक्याचा बाजारसुद्धा एकटीनं केला नव्हता त्या गेल्या, घरून कुणी अडवलं नाही. मी पण गेले. थिएटरात पंखे नावापुरते, आणि बाया रडताहेत. नुसत्या डोळे पुसत नव्हत्या, हुंदके देऊन रडत होत्या. सिनेमा म्हणून मला तो वाईट वाटला, आजही वाटतो. एका प्रसंगात जेवढं दुःख मावेल त्याच्या दुप्पट कोंबलेलं. सासू दुष्ट का, याचं कारण एवढंच की सासू आहे म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मुकाट्यानं सोसणं हाच मुलीचा मोठा गुण, हे त्यात पुन्हा एकदा शिकवलं. आम्ही शाळेत मुलींना आठवीनंतर टिकवण्यासाठी घरोघर फिरायचो, आणि तिकडे तीन तासांत हा धडा पाठ!

तरीसुद्धा त्या रडण्याला मी नावं ठेवणार नाही. परत येताना टेम्पोत एकजण म्हणाली, "बाई, घरी रडलं की सासू इचारते, काय झालं व. तेथी कोणी इचारत नाही." बारा आण्याचं असो की दहा रुपयांचं, त्या तिकिटात तिला रडायला हक्काची जागा मिळाली होती. तिचं रडणं खरं होतं, आणि सिनेमा वाईट होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला काय हरकत आहे? कांदा चिरतानाही पाणी येतं म्हणून कुणी कांद्याला बक्षीस देत नाही. पण ते पाणी खोटं आहे असंही कुणी म्हणत नाही.

आणि त्याच बायांनी दूरदर्शनवर 'उंबरठा' पाहिला तेव्हाची गोष्ट ऐका. 'उंबरठा' १९८२ चा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, स्मिता पाटीलचा. आमच्याकडे टीव्ही आला होता, ओट्यावर ठेवायचो, सात-आठ जणी यायच्या. पहिल्या अर्ध्या तासात निकाल लागला: "पोर टाकून गेली! कशाची नोकरी न् कशाचं काय!" स्मिता पाटीलनं काम कसं केलं हा प्रश्नच कुणाला पडला नाही, खटला चालला होता तो सुलभा महाजनवर. मी म्हटलं, बघा तर पुढे. पुढे महिलाश्रमातले प्रसंग आले, तिथल्या बाया आल्या, आणि ओट्यावरचा आवाज बंद झाला. शेवटी ती घरी परत येते, घरातलं सगळं बदललेलं असतं, आणि ती पुन्हा बाहेर पडते. बाया उठल्या, पोती झटकली. त्यांच्यात एक होती, तरुणपणी नवरा गेलेली, दिरांकडे राहून शेतात राबणारी. ती जाता जाता एवढंच म्हणाली, "बरं केलं तिनं." बाकीच्या तिच्याकडे बघत राहिल्या. 'माहेरची साडी'ला वाशिमपर्यंत टेम्पो गेले आणि 'उंबरठा' ओट्यावर आठ जणींनी पाहिला. पण त्या एका वाक्यापुढे टेम्पो मोजावेसे मला वाटत नाहीत.

पुरस्कारांनी तरी निवाडा होतो का, म्हणाल तर तेही अवघड आहे. 'शोले' (१९७५) इतका गाजला, त्याला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, संकलनाचा. तो घेणारे एम. एस. शिंदे. गब्बरचे संवाद गल्लीतल्या पोरालाही पाठ, शिंद्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? उलट अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि लोकांनीही तो डोक्यावर घेतला. म्हणजे लोक आणि परीक्षक यांचं पटतच नाही असंही नाही.

लोकप्रियतेचं सगळ्यांत चक्रावून टाकणारं उदाहरण मी म्हातारपणी पाहिलं. 'सैराट', २०१६. करमाळ्याकडचे नागराज मंजुळे दिग्दर्शक, अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू नायिका. मराठीतले कमाईचे सगळे विक्रम त्यानं मोडले. ही मुलगी ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, वर्गात उठून मराठीत ठणकावते आणि न कळल्यास इंग्रजीत सांगू का म्हणून विचारते. मला विचाराल तर मराठी पडद्यावर खेड्यातली शाळकरी मुलगी खऱ्या अर्थानं तेव्हा आली. पाटलाची पोर आहे हे तिच्या चालण्यात आहे. पुढे हैदराबादच्या झोपडपट्टीत ती तशीच चालायला बघते आणि चालता येत नाही, ते तर फारच बारीक काम आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला तो योग्यच.

पण गाव काय घेऊन आलं? नाचाचं गाणं. त्या वर्षी आमच्याकडे एक वरात त्या गाण्याशिवाय निघाली नाही. आणि शेवट? शेवटी थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती म्हणतात. ती शांतता गावापर्यंत आली नाही. डीजेवर ते गाणं वाजतंय, नवरदेवाचे काका-मामा नाचताहेत, आणि त्याच काका-मामांनी आदल्या वर्षी आपल्या भाचीनं दुसऱ्या जातीचा मुलगा पसंत केला म्हणून तिचं कॉलेज सोडवलेलं आहे. हे मी उंटावरून सांगत नाही, ती मुलगी माझी विद्यार्थिनी. मी वरातीत थांबले नाही, घरी आले. आता सांगा, हा सिनेमा लोकांना आवडला असं म्हणायचं का? कोटी तर झाले. त्या कोटींत त्या काका-मामांच्या तिकिटांचे पैसे पण आहेत. मंजुळ्यांना दोष देता येत नाही, त्यांनी मिठाई दाखवून औषध पाजायचं ठरवलं होतं. लोकांनी मिठाई खाल्ली आणि औषध अंगणात थुंकलं.

आता ज्या चित्रपटाबद्दल लिहायचं म्हणून हे सगळं सुरू केलं त्याच्याकडे येते. 'गाभ्रीचा पाऊस', २००९, दिग्दर्शक सतीश मन्वर. 'गाभ्रीचा' ही आमच्याकडची शिवी, अर्थ सांगत नाही. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो गेला, जाणकारांनी कौतुक केलं, पण त्याचे कोटी वगैरे कुणी मोजले नाहीत. दूधवाल्याच्या हिशेबानं तो चांगला नाहीच. गोष्ट विदर्भातल्या कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याची. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली आहे, आणि आता आपला नवरा पण काही करून घेईल अशी धास्ती बायकोच्या मनात बसते. मग ती त्याला गोडधोड करून घालते, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या मागे लावते, बापावर नजर ठेव म्हणून. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी नवरा-बायको, ज्योती सुभाष आजी. गंमत म्हणजे प्रसंग असे आहेत की हसू येतं. आणि हसल्याबरोबर लाज वाटते.

त्यातल्या वऱ्हाडीबद्दल आमच्या कानाची थोडी तक्रार आहे. शिकून बोललेली कळते. पण इतर वेळी पडद्यावर वऱ्हाडी कुणाला देतात? गड्याला, हवालदाराला, येडपटाला. हसवायला. इथे ती बोलणाऱ्या माणसांना दुःख आहे, हिशेब आहे, संशय आहे, नवरा-बायकोचं प्रेम आहे. एवढ्यासाठी मी त्यांना उच्चाराचे गुण कापणार नाही. सोनाली कुलकर्णी वाढताना नवऱ्याच्या ताटाकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघते. तो किती खातोय ते मोजते. बाकी सगळं सोडा, त्या एका बघण्यासाठी चित्रपट बघावा.

हे मी कुणाच्या परीक्षणात वाचून लिहीत नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. (तेही कोटीच.) त्या सहांत वाशिम होता. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या वर्गातला, पाचवीचा एक मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. मी घरी गेले. आई गोठ्यात होती. म्हणाली, "वावरात गेला बाई, बापासंगं." मी म्हटलं, एवढंसं पोर वावरात काय करतंय? ती थोडा वेळ बोललीच नाही. मग उठली, मला घरात नेलं, आणि धान्याच्या कोठीमागे दडवलेला फवारणीच्या औषधाचा डबा दाखवला. एवढंच. पुढे कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मुलाची हजेरी मी त्या महिन्यात कशी मांडली ते माझं मला ठाऊक. बाप वाचला. आज आहे, म्हातारा झाला, पारावर भेटतो.

म्हणजे सिनेमा निघायच्या चार वर्षं आधी तो आमच्या गावात घडला होता, आणि निघाल्यावर आमच्या गावात आला नाही. यात्रांतले तंबू तोवर बंद पडले होते. मी तो मुलीकडे पुण्याला सीडीवर पाहिला. पुण्यातली जावयाची मित्रमंडळी होती, चांगली सुशिक्षित. संपल्यावर एकजण म्हणाला, मुलाला पहाऱ्यावर लावण्याची कल्पना छान आहे, पण जरा 'फिल्मी' वाटते. मी चहा करायला उठले.

त्या बाईला मी हा चित्रपट दाखवला नाही, दाखवणारही नाही. तिला त्यातून काय मिळायचंय? मुलाचा प्रश्न वेगळा. तो आता तिशीचा आहे, मालेगावला त्याचं मोटारीचे स्पेअर पार्ट विकायचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत भेटायला आला तेव्हा आपणहून म्हणाला की बाई, तो पिक्चर मी मोबाइलवर पाह्यला. मी काही बोलले नाही. कसा वाटला असं विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

त्यानं चिवडा संपवला, बशी खाली ठेवली. म्हणाला, "त्या पोरानं काम चांगलं केलं. बापाकडं पाहूनच राह्यला, पण बापाले दिसू देत नाही. असंच बसा लागते."

मग दुकानाचं बोलत बसला, जीएसटीचं काहीतरी अडलं होतं त्याचं.